आप्पांची लीला, माकुणसारची सुमती

आत्या, तुला कुठली साडी नेसवायची हे माझ्या एका शब्दावर ठरलं. हे तुला कळलं असतं तर तू हसली असतीस की रागावली असतीस, मला अजून ठरवता येत नाही.

सकाळची वेळ होती. तू मधल्या घरात, बायका तुझ्याभोवती, आणि आम्ही पुरुष ओटीवर काही न सुचून उभे. आई बाहेर आली, मला पायरीपाशी बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "त्याचं काय हाय रे? जिता हाय ना तो? तुझ्या त्या झाडात असेल बघ."

मी म्हणालो, "हाय."

खोटं नव्हतं ते. माकुणसारचा तो माणूस, तुझा नवरा, जिवंत आहे. वापीला त्याचं दुसरं घर आहे, बायको आहे, मुलं आहेत. घराण्याचं जे झाड मी कंप्युटरवर काढलंय त्यात त्याच्या चौकोनापुढे मृत्यूची खूण नाही. 'माहीत नाही' म्हणालो असतो तर बायकांची आणखीच पंचाईत झाली असती, कारण कुंकू लावायचं की नाही हे ठरल्याशिवाय तुला उचलता येत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. आई आत गेली. हिरवी साडी निघाली, हिरवा चुडा आला, कपाळभर कुंकू लागलं, ओटी भरली गेली. शेजारपाजारच्या बायका एकेक करून तुझ्या पाया पडल्या. अहेव गेली, नशीब काढलं, असं म्हणत होत्या. माकुणसारला निरोप पाठवला होता, तो वापीला आहे एवढंच उत्तर आलं. अग्नी बाबांनी दिला. ज्या नवऱ्याच्या नावानं तू सवाष्ण म्हणून गेलीस, तो तुला पोचवायलासुद्धा आला नाही आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र स्मशानातून परतताना संताप आला होता.

आता तुझे दिवस होऊन गेलेत. घरात पाहुणे नाहीत. तुझ्याशी भांडायला मोकळा वेळ आहे.

आठवतंय ना, हे सगळं सुरू कुठून झालं ते? मला बोईसरच्या त्या रंगाच्या कंपनीत कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम लिहायला ठेवलं होतं. पालघरला संध्याकाळच्या क्लासला शिकलेलं सगळं हजेरी आणि कपातीत जिरवायचं माझ्या जिवावर आलं होतं. घरात तर कुठे काही झालं की सुतक कोणाला धरायचं यावरून वाद, लग्न जमवायचं म्हटलं की नातं लागतं का यावरून वाद. मी म्हणालो, सगळ्या घराण्याचं झाडच काढतो कंप्युटरवर. बाबा म्हणाले, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तू तेवढी म्हणालीस, "काढ. नावं मी सांगते."

तुझी औषधाची कंपनी माझ्या कंपनीच्या मागच्या रस्त्यावर. पहिली पाळी सुटली की तू माझ्या ऑफिसात यायचीस. गेटवरचे पांडेजी फोन करायचे, आपकी बुआजी आई हैं, आणि मी तुझ्यासाठी चहा सांगायचो. साहेबांची परवानगी होती, कंपनीचं काम संपल्यावर मशीन वापर म्हणून. एका माणसाची एक ओळ, असा माझा नियम. नाव, बाप, आई, जोडीदार. मी त्या ओळी इंग्रजी कॅपिटलमध्ये टाइप करायचो. प्रोग्राम त्या वाचून चौकोन काढायचा आणि उभ्या-आडव्या खुणा जुळवून एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ न्यायचा. सुरुवातीला माझ्या रेघा भलतीकडेच जायच्या. एकदा तर बाबा आपल्या चुलत्याचे जावई झाले. तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की पलीकडच्या टेबलावरचे अकाउंटंट उठून बघायला आले.

लग्नं जुळवायला उपयोग व्हायचा तर नुसतं आपलं घराणं पुरत नाही, सोयऱ्यांची घरंही हवीत, हे तुझंच म्हणणं. मग तू एकेक गाव घेऊन सांगायला बसायचीस. केळव्याचे, सफाळ्याचे, चिंचणीचे. एक दिवस माकुणसारचं घर आलं. तू खिडकीबाहेर बघत बाप सांगितलास, आई सांगितलीस, मुलगे सांगितलेस. मोठ्या मुलाशी आल्यावर म्हणालीस, "त्याची बायको सुमती." मी लिहिलं, सुमती. पुढचं विचारलं. माझं लक्ष सगळं टाइप करण्यात होतं.

तुझं लग्न झालं तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो. तांदळाच्या ताटात अंगठीनं तुझं कुठलं नाव लिहिलं, हे मला कुठून ठाऊक असणार? पहिल्या दिवाळसणाला तू इथे माहेरी, उमरोळीला आलीस आणि तुला न्यायला कोणी आलं नाही, एवढंच मला मोठेपणी तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं. घरात सगळे तुला लीलाच म्हणत. सुमती हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.

त्यामुळे पहिलं झाड छापलं त्यात तू दोन बायका होतीस. एक लीला, तुझ्या आप्पांच्या म्हणजे माझ्या आजोबांच्या खाली, बाबांच्या शेजारी, कोणाशी न जोडलेली. दुसरी सुमती, माकुणसारला नवऱ्याच्या बाजूला, जिला आई नाही, बाप नाही. प्रोग्राम नावावरून माणूस ओळखायचा, नाव वेगळं म्हणजे माणूस वेगळा. तो भोकाभोकांचा लांबलचक कागद तू टेबलावर पसरलास, आप्पांचा चौकोन शोधलास, खाली बोट नेलंस. तिथेच थांबलीस. मग म्हणालीस, "ह्यो कागद मी नेते." मला वाटलं, आपल्या कामाचं कौतुक झालं. मी खूश.

तू ते मुद्दाम केलंस का, आत्या? हे विचारायचं राहून गेलं. सुमती म्हणजे मीच, हे सांगायला तुला एक वाक्य लागलं असतं. तू सांगितलं नाहीस. विसरलीस म्हणावं तर तू कधी काही विसरायची नाहीस.

तुझी कोंडी मला दिसत नव्हती असं नाही. वटपौर्णिमेला आई सुताचं गुंडाळं तुझ्यापुढे ठेवायची आणि तू न चुकता त्या दिवशी ओव्हरटाइम घ्यायचीस. घटस्फोट नाही, कारण आपल्या घरात तो शब्दच उच्चारत नसत. विधवा नाही. नांदती नाही. हळदीकुंकवाला तुला बोलवावं की नाही यावर बायका दारात घुटमळायच्या, मग शेवटच्या रांगेत बसवायच्या. एकदा तू मला सांगितलं होतंस की पॅकिंगच्या खोलीत जाताना बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून लॉकरात ठेवावं लागतं, गोळ्यांत काही पडू नये म्हणून. नवीन लागलेल्या बायका त्यावरून रडतात, गळ्यातलं काढायचं कसं म्हणून. तू म्हणालीस, "मला तर त्या दारातून आत गेल्यावरच श्वास येतो. आत मी कोणाची नाय."

आता नानाकाकांचं. हे आपल्या भांडणातलं मुख्य कलम, त्यामुळे मी ते सोडणार नाही. आप्पांच्या चुलतभावाचा हा मुलगा, गावात वजन असलेला माणूस. त्यांच्या विजयनं परजातीची मुलगी केली, पालघरच्या दवाखान्यातली नर्स, मंगल. नानाकाका ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, झाड काढतोयस ते चांगलंच आहे, पण विजयच्या शेजारची जागा कोरी ठेव. चहाचा कप ठेवत तूच बोललीस, "पोरगी तुमच्या घरात चहा करते नाना, कागदावर का नको?"

नानाकाका उठून गेले. आणि मला माझा नियम सापडला. जे झालंय ते दिसणार. कोणाच्या सांगण्यावरून कोणी गाळला जाणार नाही, कोणी घुसडला जाणार नाही. मंगलचा चौकोन विजयच्या शेजारी राहिला. तिनं तो कागद पाहिला आणि त्यानंतर दर रविवारी ती तुला भेटायला येऊ लागली. त्या नियमाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

मग माझ्या धाकट्या भावाला स्थळ आलं. बाबांनी मला मोठ्या ऐटीत सांगितलं, बघ तुझ्या मशीनला विचारून. मशीन म्हणालं, नातं नाही. सुपारी फुटायची तयारी झाली आणि ऐन वेळी कळलं की मुलीची आई म्हणजे आईची सख्खी मावसबहीण. लग्नात नाव बदललेलं, लांब डहाणूकडे दिलेली, येणंजाणं तुटलेलं. मुलगी भावाची मावसबहीणच निघाली. मामाची असती तर पानंफुलं उधळली असती, मावशीची म्हटल्यावर सगळे माना खाली घालून परतले. पुढे कितीतरी दिवस घरातला जो तो मला विचारायचा, काय रे, तुझ्या कंप्युटरला बाईमाणूस ओळखता येत नाही का?

ओळखता येतच नव्हतं. मी इरेला पेटलो. प्रत्येक बाईला एक नंबर दिला, त्या नंबराखाली तिचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव. आता नाव बदललं तरी बाई एकच राहणार होती, तिच्यापासून एक रेघ बापाकडे आणि एक नवऱ्याकडे जाणार होती. इतकं सुबक काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. नावं जुळवताना माकुणसारची सुमती उरली, तिचं माहेर कुठलं ते लागेना. आईला विचारलं. आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, "अरे, आपली लीलाच ती."

मी तुला विचारलं नाही, सरळ जोडून टाकलं. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. दोन आणि दोन चार, तसं ते होतं.

तू नव्या कागदावर बोट नेलंस. आप्पांच्या खाली तू होतीस. तिथून रेघ निघून कागदाच्या घडीवरून पार दुसऱ्या टोकाला गेली होती, त्याच्यापर्यंत. चहाला हात लावला नाहीस.

"आधीचाच बरा होता," तू म्हणालीस.

"आधीचा चुकीचा होता, आत्या."

"असेल. त्या चुकीत मी सुटले होते."

मी तुला समजावत बसलो. तुला सुटं केलं तर नानाकाका उद्या दारात उभे राहतील, माझ्या मुलालाही सुटं कर म्हणतील. मग मंगल जाईल. नियम म्हणजे नियम, आणि तो तुझ्याच तोंडून आलेला. तू ऐकत राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, की मी बरोबर आहे हे तुला पटतंय आणि त्यामुळेच तुला कुठे जायला वाट उरली नाही. तू चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालीस, मंगलला हात नको लावू. बास. तुझंच बोलणं तुझ्याच गळ्यात आलं होतं.

मला चैन पडेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पुढच्या आठवड्यात मी आणखी एक सुधारणा केली. जिथे संसार मोडलाय तिथे अखंड रेघेऐवजी तुटक रेघ. मला वाटलं, तोडगा सापडला. खरंही राहिलं आणि तुझंही झालं. तू आलीस, पाहिलंस, आणि त्या तुटक रेघेवरून नख फिरवत गेलीस, टिंबाटिंबावर थांबत, थेट माकुणसारपर्यंत.

"तुटक हाय खरी," तू म्हणालीस, "पण जाते त्याच्याचकडे."

त्यानंतर तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. मी दोनदा काढला, तू नारळ किती पडले, पाणी आलं का, असलं काहीतरी विचारलंस. आपलं भांडण असं अर्ध्यावरच राहिलं. मी जिंकलो असं वाटावं इतपतही तू ते ताणलं नाहीस.

चैत्रात देवीला सगळं कूळ जमलं तेव्हा ते झाड मांडवात लावलं. कागदाला कागद जोडून, पुठ्ठ्यावर चिकटवून. लोक गर्दी करून आपापली नावं शोधत होते, पोरं खांद्यावर बसून वाचत होती. माझी छाती फुगली होती. तू मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ताक वाढत होतीस. कोणीतरी नवी सून मोठ्यानं वाचत होती, आणि तिनं विचारलं, "सुमती कोण?" क्षणभर कोणालाच कळेना. मग नानाकाकांनी घरात वर्षानुवर्षं न उच्चारलेलं तुझं लग्न सगळ्यांना समजावून सांगितलं आणि हात लांब करून तुझ्याकडे दाखवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. तू ताक वाढत राहिलीस. ओगराळं मात्र पानाबाहेर सांडलं, तेवढं मी पाहिलं.

त्या दिवशी मी तुझ्याजवळ यायला हवं होतं, असं मला आता सारखं वाटतं. काय बोललो असतो कुणास ठाऊक. निदान ताकाची बादली धरली असती.

तू आजारी पडलीस तेव्हा मंगलनं तुझं सगळं केलं. औषध, आंघोळ, रात्रीचं जागरण. आईपेक्षा जास्त तिनं केलं, हे आईसुद्धा कबूल करते. मी तुझ्या उशाशी बसायचो आणि कंपनीतल्या गमती सांगायचो. तुझ्या हातात बांगड्या सैल झाल्या होत्या. एकदा तू त्या काढून मला दिल्यास, म्हणालीस, ठेव कुठे तरी, टोचतात. मी त्या खिडकीत ठेवल्या. आईनं संध्याकाळी परत घातल्या. तू हात पुढे केलास, नको म्हणाली नाहीस. इतकी दमली होतीस तू.

तुझे उपकार म्हणणार नाही, तू मला झोडपलं असतंस. पण आज माझ्या प्रोग्रामची तारीफ करणारी चारदोन घरं या पट्ट्यात आहेत, त्यांना मी सांगत असतो की यातली निम्मी अक्कल माझ्या आत्याची. माणसं कशी जोडलेली असतात हे मला क्लासमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. ते तू खिडकीबाहेर बघत शिकवलंस.

काल रविवारी दुपारी मी ऑफिसात गेलो. पांडेजींनी विचारलं, बुआजी नहीं आईं? मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि थोडा वेळ तशीच हातात धरली. बाकी कोणी नव्हतं. मशीन चालू केलं आणि तुझा नंबर काढला. मृत्यूची नोंद करायला आलो होतो, ते मलाच करायचं होतं, बाबांनी तसं सांगितलं होतं. नोंद केली की तुझा चौकोन त्याच्या चौकोनाला जोडलेल्या अवस्थेत कायमचा बंद होणार होता. ज्यात बंद होतीस त्यातच.

मग मी प्रोग्राम उघडला. नावं जोडणाऱ्या भागात एक ओळ वाढवली, तुझा एकटीचा नंबर वगळणारी. असली ओळ मी कधी लिहिली नव्हती आणि दुसऱ्या कोणी लिहिली असती तर त्याला मूर्खात काढलं असतं. नानाकाकांना कळेल. ते येतील, ओटीवर बसतील, विचारतील, तिला एक न्याय आणि आम्हाला दुसरा का? मंगलला मी हलवणार नाही, तुलाही आता परत जोडणार नाही, आणि या दोन्हीचं एक उत्तर माझ्याजवळ नाही. बसू दे त्यांना ओटीवर.

झाड पुन्हा चालवलं. तू पुन्हा दोन बायका झालीस, सुमतीला प्रोग्रामनं वेगळा नंबर दिला. मग मृत्यूची नोंद करायचं दाबलं. प्रोग्राम कुठल्याही नोंदीच्या वेळी विचारतो तसं त्यानं विचारलं, कोणाची?

मी माकुणसारच्या सुमतीचा नंबर दिला. सुमती वारली, अशी नोंद झाली. आप्पांच्या लीलापुढे मी काहीच लिहिलं नाही.